हाळी आणि ओ

तोर्ग्वा म्हणाला, आधी शब्द सांग, मग खांब रोव.
माझ्याकडे शब्द होते, पण नुसती आद्याक्षरं,
आणि तुशेतीत आद्याक्षरांना कुणी जेवायला बसवत नाही.

मग मेंढरांपासून सुरुवात केली.
कानाची खाच: कोकराला एकदा पाडतात, मरेपर्यंत राहते.
तो मॅक.
पाठीवरचा निळा आकडा: हंगामापुरता,
पावसात फिकटतो, पुढच्या साली दुसरीच्या पाठीवर.
तो आयपी.
आणि वाटेवर वही मांडून बसणारा तो,
'हा उतार तुझा, ऑक्टोबरपर्यंत' म्हणणारा,
तो डीएचसीपी.
"तो माझा मेहुणा," तोर्ग्वा म्हणाला, "लबाड आहे."
तसेही असतात, मी म्हटलं.

फायरवॉल सांगावीच लागली नाही.
डुकराचं मांस खिंडीच्या अलीकडे येत नाही,
ट्रकवाल्याची शिदोरीसुद्धा हुंगून आत सोडतात.

खांबाला जागा सापडली ती देवस्थानाच्या वर.
तिथं बाईनं जायचं नाही.
माझी पदवी, माझा पट्टा, माझं हेल्मेट,
आम्ही चौघं खालीच उभे.
"चारशे तीन," मी पुटपुटले.
म्हणजे?
म्हणजे दार आहे, पत्ता बरोबर आहे,
तू कोण हेही ठाऊक आहे, आणि तरीही नाही.
तो गप्प राहिला.
मग सत्तरीतला माणूस दोर खांद्यावर टाकून चढला,
आणि मी खालून ओरडत राहिले,
डावीकडे, थोडं खाली, अजून, बस्स.

पिंग म्हणजे हाळी.
पलीकडच्या डोंगरावरून ओ येते,
ती किती वेळानं आली तेवढंच मोजायचं.
काय म्हणाली ते विचारायचं नाही.

एतेरी त्याची मुलगी, बारी शहरात
कुण्या सिन्योरेची औषधं, अंघोळ, रात्री सांभाळते.
पहिल्या दिवशी त्यानं विचारलं, जेवलीस का?
तिनंही तेव्हाच विचारलं, जेवलात का?
मग दोघं थांबले. मग दोघं एकदम बोलले.
लेटन्सी, मी म्हटलं.
"नाही," तो म्हणाला, "ती लहानपणापासून अशीच."

तेवढ्यात ढग उतरला.
"बाबा, मी जुलैच्या जत्रेला... येणार."
मधे एका शब्दाएवढी पोकळी.
मग पडदा काळा.

मी त्याला समजावलं:
पत्र असतं तर टीसीपीनं हरवलेला तुकडा परत मागितला असता,
मिळेपर्यंत पुढचं पान उलटलं नसतं.
आवाज यूडीपीनं येतो. चालता कळप तो,
लंगडीसाठी थांबत नाही.
"मग तो शब्द कुठं गेला?"
कुठंच नाही.
"कुठंतरी पडला असेलच की."

ऑक्टोबरात गाव खाली मैदानात उतरलं. तो उतरला नाही.
खिंड मिटली.
तेलावीच्या ऑफिसात रोज सकाळी, चहाच्या आधी,
मी खांबाला हाळी देत होते.
उत्तर नाही. उत्तर नाही.
नोव्हेंबर, डिसेंबर, उत्तर नाही.
प्रत्येक पॅकेटला मोजके श्वास देऊन पाठवतात,
प्रत्येक नाक्यावर एक संपतो.
शून्याला जिथं पोचतं, तिथला नाका
निदान निरोप तरी धाडतो: इथं गेलं.
माझ्या हाळीला तेवढाही निरोप नव्हता.

फेब्रुवारीच्या एकोणीस तारखेला
एकसष्ट मिलिसेकंद.
मी पुन्हा विचारलं. अठ्ठावन्न.
ऊन पडलं असेल, बर्फ आपोआप घसरला असेल,
ऑफिसातले म्हणाले.
मी चहा गार होऊ दिला.

जूनमध्ये पहिल्या गाडीनं गेले.
खालूनच दिसलं: बॅटरीच्या पेटीला गुंडाळलेली
काळी नाबादी, त्याची थंडीची एकुलती,
आणि खांबाला बांधलेला खराटा.
दारात तो लोकर विंचरत होता. खांद्यांनी झिजलेला.
सुरीनं चीज कापून पुढं केलं,
खांबाविषयी अवाक्षर नाही.
बऱ्याच वेळानं विचारलं,
"तो हरवलेला शब्द. तुमच्या यंत्रात कुठं जपून ठेवलेला असेल?"
नाही तोर्ग्वा, यूडीपी काहीच ठेवत नाही.
"हरकत नाही," तो म्हणाला.
"जागा मी ठेवली आहे."